इंजिन उघडून बसवल्यानंतर ऑइलचा लाल दिवा: प्रकल्प नोंदी

गाडी: १.६ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल, दोन कॅमशाफ्ट. ऑइल पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर, रोटरचा. फिल्टरसकट तेल ३.७ लिटर, ग्रेड ५डब्ल्यू-३०. मॅन्युअलप्रमाणे गरम इंजिनचं ऑइल प्रेशर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) किमान १.० बार आणि ३००० आरपीएमला ३.० ते ४.५ बार.

आधी झालेलं काम: हेड गॅस्केट (खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली) गेली होती. हेड उतरवून मशीन शॉपमधून फेसिंग (पृष्ठभाग सपाट) करून आणि धुऊन आणलं. चेंबर (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी) खाली घेऊन बिग एंड बेअरिंगचे (रॉड क्रँकला जोडतात तिथल्या) चारही जोड नवीन टाकले. पुढचं क्रँक सील बदलण्यासाठी ऑइल पंप उतरवला होता. मेन बेअरिंगला (क्रँक ब्लॉकमध्ये फिरतो तिथल्या) हात लावलेला नाही. ही शेवटची गोष्ट पुढे उपयोगी पडली, म्हणून आधीच लिहून ठेवली.

दिवस १. पहिला स्टार्ट

चेंबर उघडल्यावर पंप कोरडा होतो, त्यामुळे थेट स्टार्ट करायचा नाही. स्पार्क प्लग काढले, कॉइलचे कनेक्टर काढले आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारला. दोन वेळांमध्ये एक मिनिट थांबलं, म्हणजे सेल्फ तापत नाही. प्लग काढलेले असले की कॉम्प्रेशन नसतं, क्रँक जोरात फिरतो आणि नव्या बेअरिंगवर भारही कमी येतो.

चूक: पहिल्या दोन वेळांना इंजेक्टर चालूच राहिले. म्हणजे वीस सेकंद पेट्रोल सिलिंडरमध्ये फवारलं गेलं. त्यानं सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं आणि उरलेलं पेट्रोल चेंबरमध्ये उतरून तेल पातळ करतं. शिवाय प्लगच्या भोकातून बाहेर आलेल्या वाफेला ठिणगी मिळाली तर आग. नंतर फ्युएल पंपचा फ्यूज काढला. चौथ्या वेळी दिवा विझला.

प्लग, कॉइल, फ्यूज परत लावून गाडी सुरू केली. तीन सेकंदांत दिवा बंद, आवाज स्वच्छ. पंधरा मिनिटांनी इंजिन गरम झाल्यावर आयडलला दिवा लुकलुकायला लागला. १२०० आरपीएमवर नेलं की बंद, सोडलं की पुन्हा सुरू. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेला.

दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी: "ऑइल प्रेशरचा स्विच खराब असेल" असं धरून इंजिन आणखी चार मिनिटं चालू ठेवलं गेलं. गरम आयडलला दिवा लुकलुकतोय म्हणजे प्रेशर अर्ध्या बारच्या आसपास किंवा खाली असू शकतं. स्विच खराब असल्याचा पुरावा हातात येईपर्यंत दिवा खरं सांगतोय असंच धरायचं आणि इंजिन लगेच बंद करायचं. स्टार्टनंतर दहा सेकंदांत दिवा विझला नाही तरी हाच नियम.

दिवस २. वायर आणि स्विच

या गाडीचा स्विच साधा आहे. इंजिन बंद असताना आतले पॉइंट जुळलेले असतात आणि दिव्याची वायर इंजिनच्या बॉडीला अर्थ होते, म्हणून चावी ऑन केली की दिवा लागतो. प्रेशर आलं की आतला पडदा ढकलला जातो, पॉइंट सुटतात, दिवा विझतो. बहुतेक स्विच ०.३ ते ०.५ बारच्या दरम्यान सुटतात. म्हणजे दिवा विझलेला असणं याचा अर्थ प्रेशर "पुरेसं आहे" असा होत नाही, "अगदी शून्य नाही" एवढाच होतो. काही नव्या गाड्यांमध्ये स्विच उलटा असतो किंवा सेन्सर थेट ईसीयूला (इंजिनच्या कंप्युटरला) जातो. तिथे खालची तपासणी लागू नाही, आधी वायरिंग डायग्राम बघा.

तपासणी अशी केली. चावी ऑन, इंजिन बंद, स्विचची वायर काढली: दिवा विझला. वायर बॉडीला टेकवली: दिवा लागला. म्हणजे वायर आणि दिवा ठीक. वायर काढल्यावरही दिवा चालू राहिला असता तर ती कुठेतरी चेपून अर्थ झालेली आहे. इंजिन कामानंतर वायर ब्रॅकेटखाली अडकणं नेहमीचं, त्यामुळे ही दोन मिनिटांची तपासणी सगळ्यात आधी.

कनेक्टर काढला तर आत तेल. स्विचचा पडदा झिरपत होता. त्यामुळे नवीन स्विच आणला आणि इथे अर्धा दिवस गेला, कारण आणलेल्या स्विचचे आटे वेगळे निघाले. इंजिनला १/८ बीएसपीटी (ब्रिटिश निमुळते पाइप-आटे), म्हणजे इंचाला २८ आटे. आणलेला १/८ एनपीटी (अमेरिकन), इंचाला २७. दोन्ही हातात सारखेच दिसतात, दोन आटे हातानं जातातही, मग घट्ट होतात. तिथे पाना लावून पुढे रेटलं तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. जुना आणि नवा स्विच आट्यात आटा बसवून उजेडासमोर धरायचा. फट दिसली तर तो स्विच परत करायचा.

आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. जास्त टेप झाली तर स्विचला अर्थ मिळत नाही आणि दिवा कधीच लागत नाही. ही लुकलुकणाऱ्या दिव्यापेक्षा वाईट अवस्था. वर टेपचे तुकडे ऑइलच्या मार्गात जातात ते वेगळंच. सील हवंच असेल तर द्रव सीलंटचा एक थेंब, पहिले दोन आटे सोडून.

बरोबर स्विच बसवला. गरम झाल्यावर दिवा पुन्हा लुकलुकला, फक्त आता आयडलच्या अगदी खालच्या टोकाला. जुना स्विच टायरच्या पंपाला ॲडॉप्टरनं जोडून, मल्टिमीटर लावून पाहिला: ०.७ बारला सुटत होता. नवा ०.४ ला. म्हणजे स्विच खराब होता हे खरं, पण प्रेशर कमी होतं हेही खरं. दोन्ही एकत्र असू शकतात हे इथे कळलं. स्विच बदलण्याआधी प्रेशर गेज लावला असता तर हा दिवस वाचला असता.

दिवस ५. गेज

मधले दोन दिवस ॲडॉप्टर येण्यात गेले. इंजिन चालू केलं नाही.

गेज साधा यांत्रिक, ० ते ७ बार. स्विचच्या जागी थेट टी (तीन तोंडांचा जोड) आणि त्यावर गेज लावायचा मोह टाळला. त्या वजनाला इंजिनची थरथर लागून ॲडॉप्टर मुळाशी तुटतो आणि तेल गरम एक्झॉस्टवर उडतं. म्हणून भोकात फक्त ॲडॉप्टर, तिथून प्रेशरची होज, होजच्या टोकाला टी, टीच्या एका तोंडाला गेज आणि दुसऱ्याला स्विच. स्विचची बॉडी जंपर वायरनं अर्थ केली. त्यामुळे दिवा कुठल्या प्रेशरला लागतो हेही सोबत दिसलं.

तेलाचं तापमान डिपस्टिकच्या नळीतून बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोडून मोजलं. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे तेल गरम झालं असं नाही. पाणी दहा मिनिटांत ९० अंशांवर होतं तेव्हा तेल ६० च्या घरात होतं. १५०० ते १८०० आरपीएमवर पंचवीस मिनिटं ठेवल्यावर तेल ८८ वर पोचलं. तापमान न लिहिता नोंदवलेलं प्रेशर दुसऱ्या दिवशीच्या आकड्याशी ताडता येत नाही.

थंड, तेल २६ अंश: आयडल २.६ बार, ३००० ला ४.१.
गरम, तेल ८८ अंश: आयडल ०.३५ ते ०.५, २००० ला १.५, ३००० ला १.९. काटा सगळीकडे थरथरता.

आकड्यांइतकंच काट्याचं वागणं महत्त्वाचं. बेअरिंग झिजलेली असली की गरमला प्रेशर कमी येतं, पण काटा स्थिर असतो आणि आरपीएमबरोबर सरळ चढतो. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) कचऱ्यानं उघडा अडकला असेल तर थंडीतही प्रेशर वर जात नाही, एका आकड्यावर जाऊन बसतं. पंपाकडे तेल नेणाऱ्या सक्शन पाइपच्या तोंडाची जाळी चोंदलेली असेल तर आयडलला ठीक, आणि वरच्या आरपीएमवर थोडा वेळ धरलं की काटा खाली येतो, कारण पंपाला हवं तेवढं तेल मिळत नाही. काटा थरथरतो तेव्हा पहिला संशय हवेवर: पंप तेलाबरोबर हवा ओढतोय.

इंजिन बंद करून लगेच डिपस्टिक काढली. तेलात बारीक बुडबुडे, फेसाळ. संशय पक्का झाला. थंडीत हे लपलं होतं, कारण घट्ट तेल बेअरिंगमधून हळू गळतं आणि पंपाची क्षमता जास्त उरते. गरम पातळ तेलाला ती उरत नाही.

चेंबर पुन्हा खोलण्याआधी एक चाचणी करता येते. पंप आणि सक्शन पाइपचा जोड तेलाच्या पातळीच्या थोडा वर असतो. तेल तात्पुरतं जास्त भरून तो जोड बुडवला तर तिथून हवा जाऊ शकत नाही. एक लिटर जादा घातलं आणि गाडी पुढे उतार होईल अशी उभी केली, कारण पंप पुढे आहे. गरम आयडल ०.३५ वरून ०.७५ वर गेला आणि काटा शांत झाला. जोडातून हवा जात होती हे चेंबर न उघडता कळलं.

ही चाचणी फक्त आयडलला, दोन-तीन मिनिटं. जादा तेलात क्रँक बुडून फिरला की तेल फेसाळतं आणि सीलवर ताण येतो. अशी गाडी अजिबात चालवायची नाही.

या टप्प्यावर पुष्कळ जण २०डब्ल्यू-५० भरून मोकळे होतात. दिवा विझतो, कारण जाड तेलाला फटीतून जायला वेळ लागतो. १०० अंशांना ३० ग्रेडच्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असतो आणि ५० ग्रेडचा १६.३ च्या पुढे. पण हवा जाणारा जोड हवा ओढतच राहतो, फक्त सांगणारा दिवा गप्प होतो. हे करू नका, मनापासून सांगणं आहे.

दिवस ६. चेंबर पुन्हा खाली

एक्झॉस्टचा पुढचा पाइप आणि खालचा आडवा ब्रेस काढायला दीड तास. चेंबर सीलंटनं चिकटलेलं होतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर काठ वाकतो आणि मग जन्मभर गळतो. पातळ पात्याची सुरी काठानं हलक्या हातोडीनं फिरवली, पाऊण तासात सुटलं.

आत दोन गोष्टी सापडल्या.

पहिली, सक्शन पाइपची ओ-रिंग. जुनी ओ-रिंग उष्णतेनं कडक आणि चपटी होऊन खाचेच्या तळाशी चिकटली होती. काळ्या रंगामुळे ती खाचेचा तळच वाटली आणि नवीन ओ-रिंग तिच्यावर बसवली गेली. त्यामुळे पाइपची फ्लँज सरळ टेकलीच नाही. दोन बोल्ट आवळल्यावर ती तिरकी झाली आणि नवी रिंग एका बाजूनं चिरली. बोल्टला टॉर्क बरोबर लागला होता, म्हणून शंका आली नाही. जुनी रिंग प्लॅस्टिकच्या टोकदार काडीनं काढली. लोखंडी सुईनं खाचेला ओरखडा पडतो आणि तिथूनही हवा जाते.

दुसरी, जाळी. जाळीवर सिलिकॉनच्या लांब दोऱ्या अडकल्या होत्या, तिसरा हिस्सा झाकलेला. चेंबरला सीलंटची रेघ जाड घातली गेली होती. आवळल्यावर जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही येतं. आतलं सुटून जाळीपर्यंत पोचतं. जाळीत अडकलं ते एका अर्थी बरं. त्याहून बारीक तुकडे पंपात जाऊन रिलीफ व्हॉल्व्हच्या पिस्टनखाली बसतात.

म्हणून रिलीफ व्हॉल्व्हही खोलला. या पंपाला तो खालूनच एका प्लगमागे आहे. स्प्रिंग शाबूत, पिस्टन तेल लावून स्वतःच्या वजनानं घसरत होता. एक बारीक ओरखडा होता, बोटाला लागत नव्हता. साफ करून परत बसवला.

चेंबर उघडंच होतं, तर दिवस १ ला काही नुकसान झालं का हे पाहणं भाग होतं. दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या बिग एंड कॅप काढल्या. शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) एकसारखे करडे, मॅट. ओरखडा नाही, चमकदार डाग नाही. तांबं दिसलं नाही म्हणजे शेल ठीक, हा जुना ठोकताळा इथे चालत नाही. ॲल्युमिनियमच्या शेलमध्ये तांब्याचा थर नसतोच. मग प्लास्टिगेजनं (दाबली की पसरणारी मेणाची तार) फट मोजली. जर्नलवरचं (शेलमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागावरचं) तेल पूर्ण पुसायचं, मेणाची तार अक्षाला समांतर ठेवायची, कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, पुन्हा काढायची. या दरम्यान क्रँक जराही फिरवायचा नाही, नाहीतर तार पसरते आणि आकडा खोटा येतो. फट ०.०३८ आणि ०.०४१ मिमी आली. जर्नल ४५ मिमी, मर्यादा ०.०७०. व्यासाच्या हजारास एक हा ढोबळ हिशेबही जुळतो. रॉडचे बोल्ट ताणून आवळायच्या जातीचे आहेत, म्हणून मोजमाप जुन्या बोल्टवर केलं आणि शेवटची बसवणी नव्यांवर.

दिवस ७. जोडणी

खाच साफ, तळाचं धातू दिसलं याची टॉर्चनं खात्री, मग नवीन ओ-रिंग तेल लावून. फ्लँज हातानं दाबली तेव्हा बोल्टशिवायच सपाट टेकली. पाहायची खूण हीच.

सीलंट: दोन्ही काठ ब्रेक क्लीनरनं तेलविरहित केले. ३ मिमीची एकसलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. पाच मिनिटांत चेंबर सरळ वर नेऊन टेकवलं, न घसरवता. सरकलं की रेघ पुसली जाते. बोल्ट आधी सगळे हातानं, मग मधून कडेला दोन फेऱ्यांत. तेल भरण्याआधी चोवीस तास थांबलं. ट्यूबवर याहून कमी वेळ लिहिलेली असते, पण हे काम तिसऱ्यांदा करायचं नव्हतं.

दिवस ८. पुन्हा मोजमाप

नवीन तेल, नवीन फिल्टर. फिल्टर आडवा बसतो, त्यामुळे तो अर्धाच भरून लावता आला. जुन्या फिल्टरची रबर रिंग इंजिनवर चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. दोन रिंगा एकावर एक आल्या तर प्रेशर येताच तेलाचा फवारा उडतो. या वेळी फ्युएल पंपचा फ्यूज आधी काढला, मग सेल्फ. तिसऱ्या वेळी गेज १.२ बारवर.

थंड: आयडल ३.२, ३००० ला ४.६.
गरम, तेल ८९ अंश: आयडल ०.८, ३००० ला २.६. काटा स्थिर. बुडबुडे नाहीत. दिवा बंद, लुकलुक नाही.

दिव्याकडे बघितलं तर काम झालं. मॅन्युअलकडे बघितलं तर आयडलला ०.२ आणि ३००० ला ०.४ बार कमी. गेज लावलेला नसता तर गाडी इथेच बाहेर पडली असती आणि पुढच्या कडक उन्हात, चढावर, कधीतरी बेअरिंग गेलं असतं.

दिवस ९. उरलेली घट

आता काटा स्थिर आणि गरम आकडे खाली. म्हणजे हवा नाही, कुठेतरी तेल गरजेपेक्षा जास्त मोकळं सुटतंय. एकेक शक्यता तपासली.

पेट्रोलनं पातळ झालेलं तेल? तेल कालच नवं भरलंय, बाद. रिलीफ व्हॉल्व्ह? थंडीत ४.६ पर्यंत जातं, म्हणजे उघडा अडकलेला नाही. बिग एंड? मोजलेले. मेन बेअरिंग? शेल उलटसुलट लागले, तेलाचं भोक असलेला शेल ब्लॉकऐवजी कॅपमध्ये गेला, तर बिग एंडचं तेलच बंद होतं. पण इथे मेन उघडलेलेच नाहीत. गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या मार्गांचे) प्लग? मशीन शॉपला ब्लॉक गेला असता तर धुताना काढलेला एखादा प्लग परत लावायचा राहू शकतो. गेलं होतं फक्त हेड.

म्हणून हेडकडे मोर्चा. कॅम कव्हर काढलं, प्लग आणि फ्यूज काढून सेल्फ मारला. कॅमच्या प्रत्येक कॅपखालून तेल झिरपायला हवं. इथे तीन सेकंदांत सगळीकडून वाहायला लागलं आणि टॅपेटच्या (कॅम ज्यांवर दाबून व्हॉल्व्ह उघडतो त्यांच्या) भोवतीचे खळगे भरले. नुसतं पाहून निकाल देणं धोक्याचं, कारण कमी-जास्त ठरवायला शेजारी दुसरं इंजिन उघडं नसतं. पार्ट्सच्या आकृतीत मात्र ब्लॉक आणि हेडच्या मध्ये एक छोटा भाग दिसला: ऑइलचा जेट, त्याला एक ओ-रिंग. हेडकडे जाणारा मार्ग ११ मिमीचा आहे आणि या जेटचं भोक ३ मिमी. हेडला फार तेल लागत नाही, म्हणून ते मुद्दाम अडवलेलं असतं, की बाकीचं प्रेशर क्रँककडे राहावं. जेट नसेल तर क्षेत्रफळाच्या हिशेबानं मार्ग तेरा पटींनी मोकळा.

काढलेल्या जुन्या भागांचा डबा उपडा केला. जुन्या हेड गॅस्केटच्या घडीत जेट सापडला. हेड उचलताना तो गॅस्केटला चिकटून वर आला आणि तिच्याबरोबरच डब्यात गेला. नवीन गॅस्केट किटमध्ये त्याची ओ-रिंग होती. ती किटच्या पिशवीत तशीच उरलेली होती आणि "जादा आली असेल" म्हणून बाजूला ठेवली गेली होती. किटमधली उरलेली प्रत्येक रिंग आकृतीत कुठे आहे हे शोधल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही, ही या नोंदींतली सगळ्यात महागात पडलेली ओळ.

दिवस १० ते १२. हेड पुन्हा वर

दुसरा मार्ग नव्हता. जेट हेडखालीच बसतो.

टायमिंगच्या खुणा जुळवून, रंगानं जादा खुणा करून साखळी मोकळी केली. हेडचे बोल्ट बाहेरून आत, तीन टप्प्यांत सैल. गॅस्केट दोन तासही चाललेली नव्हती, तरी टाकून दिली. एकदा दाबली गेलेली पत्र्याची गॅस्केट परत वापरत नाहीत. बोल्टही नवीन.

हेड उचलताना पाणी तेलाच्या मार्गात सांडलं, म्हणून ३.७ लिटर नवं तेलही गेलं. पाणी आधी रेडिएटरमधून काढलं होतं, ब्लॉकच्या ड्रेन प्लगमधून काढायचं राहिलं. तो प्लग उघडला असता तर हे तेल वाचलं असतं.

जेटमधून हवा मारली, ३ मिमी ड्रिलची मागची गुळगुळीत बाजू आरपार जाते हे पाहिलं, नवी ओ-रिंग लावून ब्लॉकमध्ये बसवला. तो पृष्ठभागाच्या वर येत नाही हे पट्टी ठेवून तपासलं. बोल्टच्या भोकांतलं तेल-पाणी हवेनं आणि कापडानं पूर्ण काढलं. भोकात द्रव राहिला आणि बोल्ट आवळला तर तो दाबला जाऊन ब्लॉकला तडा देऊ शकतो. ब्लॉक आणि हेड सपाट आहेत का हे सरळ पट्टी आणि ०.०५ मिमी फीलर गेजनं सहा दिशांनी पाहिलं. बोल्ट या इंजिनच्या मॅन्युअलप्रमाणे आधी ३० न्यूटन-मीटर, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश, मधून कडेला.

क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून टायमिंग पुन्हा पाहिलं. कुठे अडकलं नाही.

दिवस १३. शेवटचं मोजमाप

सेल्फवर दुसऱ्या वेळीच १.८ बार.

थंड: आयडल ४.०, ३००० ला ५.०, तिथे रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो.
गरम, तेल ९० अंश: आयडल १.४, २००० ला २.८, ३००० ला ३.८. काटा स्थिर.

जेटमुळे हेडला तेल कमी तर पडत नाही ना, म्हणून तेलाच्या झाकणातून आयडलला कॅम पाहिला. ओला, चकचकीत, टॅपेटचा आवाज नाही. गेज काढून स्विच मूळ जागी. चावी ऑनला दिवा लागतो, स्टार्टनंतर दोन सेकंदांत विझतो.

काम सुरू करण्याआधी गरम प्रेशर एकदा मोजून लिहून ठेवलं असतं तर दिवस ८ चे आकडे पाहताच घट कामातूनच आली हे कळलं असतं. इंजिन उघडणाऱ्यानं गेज आधी लावावा, नंतर नव्हे.

३०० किमी नंतर

तेल आणि फिल्टर बदलले. फिल्टर कापला. करवतीनं नाही, तिचा कीस आतल्या कागदावर पडतो आणि मग कुठला कीस इंजिनचा ते कळत नाही. पत्रा कापायच्या कटरनं. कागद पिळून पांढऱ्या कापडावर पसरला: सिलिकॉनचे चार कण, चुंबकाला काही चिकटलं नाही, उजेडात चमकणारी भुकटी नाही. बेअरिंगचं धातू चुंबकाला लागत नाही, म्हणून उजेडात तिरकं धरून बघणं चुंबकापेक्षा महत्त्वाचं.

एकूण गेलेलं: तेल १५.८ लिटर (त्यातलं एक लिटर चाचणीसाठी), फिल्टर चार, हेड गॅस्केट दोन, हेड बोल्टचे दोन संच, रॉड बोल्ट चार, चुकीचा स्विच एक, सीलंटच्या दोन ट्यूब. प्रत्यक्ष हात चालले असे तास साधारण एकतीस, त्यातले सव्वीस एका ओ-रिंगमुळे आणि एका जेटमुळे.

स्विचच्या आट्यांतून बारीक ओल दिसत होती. स्विच काढून आटे पुसले, द्रव सीलंटचा एक थेंब लावून परत बसवला. आता कोरडं आहे.